पार्सल चुकलं, पत्ता चुकला, किंमत चुकली: ऑनलाइन विक्रीतली चूक कशी निस्तरावी?

गाठोडं | मंगळवार, सकाळी १०:१५

छोट्या विक्रेत्यांच्या ऑर्डरी बांधून रवाना करणं आणि मागाहून येणाऱ्या तक्रारी निस्तरणं हे माझं रोजचं काम. इथे घरून काही ना काही विकणारे पुष्कळ जण आहेत. कुणी विणकाम विकतं, कुणी जुनी पुस्तकं, कुणी सायकलचे सुटे भाग. माल कसा खपवावा यावर भरपूर बोललं जातं, पण चूक झाल्याचं कळल्यावर पुढच्या तासाभरात नेमकं काय करायचं यावर फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

माझं ठाम मत आधीच सांगते. चूक लक्षात आली की ग्राहकाला ती आपल्याच तोंडून कळली पाहिजे, आणि ती निस्तरायचं काम त्याच्या गळ्यात पडता कामा नये. चुकीची वस्तू आली एवढ्याच कारणाने दुरावलेले ग्राहक मी फार थोडे पाहिलेत. "यांना सोमवारीच माहीत होतं, तरी शुक्रवारी मी विचारेपर्यंत गप्प बसले" म्हणून दुरावलेले मात्र भरपूर.

चूक कळल्याबरोबर लगेच दुसरं पार्सल पाठवून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. पहिलं पार्सल आत्ता कुठे आहे ते बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

लेबल छापलंय पण पार्सल अजून घरातच आहे, तर काम सोपं. लेबल रद्द करा. न वापरलेल्या लेबलचे पैसे बऱ्याच कुरियर कंपन्या परत देतात, फक्त त्याला मुदत असते. जुनं लेबल काढून टाका किंवा त्यावर पूर्ण कागद चिकटवा. पेनाने फुली मारून भागत नाही, कारण छाननीचं यंत्र फुलीखालचा बारकोड बिनचूक वाचतं आणि पार्सल जुन्याच पत्त्याच्या दिशेने जातं. जुनी खोकी पुन्हा वापरणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाहावं.

पार्सल वाटेत असेल तर घाई करा. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की टपालात दिलेली वस्तू हक्काच्या माणसाच्या हाती पडेपर्यंत पाठवणाऱ्याचीच असते. १८७४ साली बर्नमध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाच्या करारातच तसं लिहिलंय. सरकारने जप्त केलेला माल तेवढा त्याला अपवाद. त्यामुळे पार्सल परत मागवायचा किंवा पत्ता बदलायचा अर्ज करता येतो. परदेशी टपालासाठी त्याचा ठरलेला नमुना आहे, सीएन १७. कुरियरने पाठवलं असेल तर त्यांच्या ॲपमध्ये किंवा ग्राहक सेवेकडे तशी सोय असते. यश येईलच असं नाही, शुल्कही लागतं, पण सकाळी केलेला अर्ज आणि संध्याकाळी केलेला अर्ज यात बराच फरक पडतो. पार्सल एकदा वाटपाच्या गाडीत चढलं की परत बोलावणं जवळपास अशक्य.

पोचलं असेल तर सगळं ग्राहकाच्या सहकार्यावर. तिथे पहिल्या निरोपाला फार महत्त्व आहे. मी विक्रेत्यांना साधारण असा मजकूर देते:

"नमस्कार. तुमच्या ऑर्डरमध्ये माझ्याकडून चूक झाली आहे. निळ्या पिशवीऐवजी करडी पिशवी तुमच्याकडे आली आहे. निळी पिशवी उद्या दुपारच्या आत रवाना करते आणि ट्रॅकिंग क्रमांक लगेच कळवते. करडी पिशवी न्यायला कुरियरचा माणूस येईल, तुमच्या सोयीची वेळ सांगा, खर्च माझा. आता पिशवी नकोच असेल तर पूर्ण पैसे परत करते, तसं कळवा."

यात काय चुकलं, मी काय करणार, कधी करणार आणि ग्राहकाने काय ठरवायचंय, एवढंच आहे. मदतनीस नवीन होता, तब्येत बरी नव्हती, ऑर्डरी फार होत्या, यातलं काहीही नाही. ते खरं असेलही, पण वाचणाऱ्याला ती सारवासारव वाटते, आणि त्याला आपली पिशवी कधी मिळणार एवढंच हवं असतं.

तुमचे अनुभव आणि अडचणी लिहा.

मोरपंखी | मंगळवार, दुपारी १२:४०

अगदी वेळेवर धागा निघाला. माझी बहीण विणकाम विकते. काल तिने दोन पार्सलं एकापाठोपाठ बांधली आणि संध्याकाळी टपालात दिली. एकात मोठी शाल, दुसऱ्यात बाळाच्या टोपी-मोज्यांचा संच. शालीची ऑर्डर देशातलीच, संच परदेशी जाणार होता. दोन्ही खोकी सारख्या मापाची. रात्री तिला एकदम वाटलं की लेबलं उलटसुलट चिकटवली. खात्री नाही. पाठवताना फोटो काढलेत, पण बंद खोक्यांचे. आज सकाळपासून नुसती घालमेल चाललीय. दोघांनाही आत्ताच कळवायचं का? चूक झालीच नसेल तर उगाच त्यांना घोर लागेल.

जुना_टपाली | मंगळवार, दुपारी १:०५

मोरपंखी, टपालाच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर उत्तर त्यातच आहे. काउंटरवर पार्सल काट्यावर ठेवलं जातं आणि वजन ग्रॅममध्ये पावतीवर छापलं जातं, ट्रॅकिंग क्रमांकाच्या सोबतच. मोठी शाल आणि बाळाचा संच यांच्या वजनात चांगलाच फरक असणार. परदेशी क्रमांकासमोर कुठलं वजन आहे तेवढं बघायला सांगा. घरात तशीच दुसरी शाल आणि रिकामं खोकं असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ताडून पाहा. टेप, कागद धरून दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे होतात, त्याने बिघडत नाही.

छाननीत माझी उभी हयात गेली. पार्सलं अदलाबदल झाल्याच्या तक्रारींचा उलगडा बऱ्याचदा वजनावरूनच व्हायचा.

गाठोडं | मंगळवार, दुपारी १:२०

काका, फार मोलाचं सांगितलंत. मोरपंखी, आधी पावत्या बघा, मग निरोप. खात्री करायला जेवढा वेळ लागेल तेवढा जरूर घ्या, पण तो तासाभरात संपवा.

मोरपंखी | मंगळवार, दुपारी २:३०

पावत्या सापडल्या. परदेशी क्रमांकासमोर ६४० ग्रॅम, देशातल्या क्रमांकासमोर २१० ग्रॅम. शाल परदेशी निघालीय. अदलाबदल झालीच आहे.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी २:५०

माझं मत थोडं वेगळं. चूक पक्की झाली तरी लगेच ग्राहकाला सांगायची काय गरज? आधी दोन्ही पार्सलं परत मागवायचा अर्ज करा. परत आली तर ग्राहकाला फक्त चार-पाच दिवस उशीर दिसेल, आणि उशीर सगळेच समजून घेतात. चूक झाल्याचं स्वतःहून सांगितलं की वाईट अभिप्राय ओढवून घेतल्यासारखं होतं. छोट्या विक्रेत्याला एक वाईट अभिप्रायसुद्धा महागात पडतो, हे विसरू नका.

गाठोडं | मंगळवार, दुपारी ३:१५

हिशेबनीस, अभिप्रायाची भीती मला समजते, ती खरीच आहे. पण ट्रॅकिंग ग्राहकालाही दिसतं. उद्या त्याच्या पानावर "पाठवणाऱ्याच्या विनंतीवरून परत" असं उमटणार. त्याच्या मनात लगेच येणार की पैसे घेऊन माल काढून घेतला. तेव्हा केलेला खुलासा पकडले गेल्यावर दिलेल्या सबबीसारखा वाटतो. तोच मजकूर आज पाठवला तर त्याला प्रामाणिकपणाचं वजन असतं.

मोरपंखी, क्रम असा ठेवा. आत्ताच्या आत्ता दोन्ही पार्सलांसाठी अर्ज, विशेषतः परदेशी. ते देशाबाहेर पडायच्या आत अडलं तर फार त्रास वाचेल. ताईंना स्वतः पावत्या घेऊन जाऊ दे. नुसता फोन केला तर तो नोंदवला गेला की नाही हे कळत नाही. तिथून परतल्या की दोघांनाही निरोप. परदेशी पार्सलाची आणखी एक भानगड आहे, त्यावर सीमाशुल्काचा जो फॉर्म चिकटवलाय त्यात टोपी-मोजे लिहिलंय आणि आत शाल आहे. हेतू काहीही नसला तरी कागदावर ती चुकीची घोषणा ठरते. अर्ज करताना हे कारण आवर्जून सांगा.

आडवाट | मंगळवार, दुपारी ४:००

एक गोष्ट अजून कुणी काढली नाही म्हणून लिहितोय. खोक्यात बिल टाकलं होतं का? टाकलं असेल तर एका ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि काय विकत घेतलं ते दुसऱ्याच्या हातात पडणार. ही नुसती वस्तूंची अदलाबदल राहत नाही. युरोपच्या जीडीपीआर कायद्यात चुकीच्या माणसाकडे गेलेला असा कागदसुद्धा वैयक्तिक माहिती फुटल्याचा प्रकार धरला जातो, आणि माणसाला त्यातून धोका संभवत असेल तर ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावं लागतं. एका बिलामुळे तेवढी वेळ सहसा येत नाही, पण ज्याचा पत्ता गेला त्याला ते माहीत असायला हवं. त्यामुळे निरोपात बिलाचाही उल्लेख करा.

याच कारणासाठी "तुम्हीच ते पार्सल त्यांच्या पत्त्यावर पाठवून द्या, पैसे मी देते" असं कुणालाही सांगू नका. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून तो हमखास सुचतो. पण त्यात एका अनोळखी माणसाचा पत्ता दुसऱ्या अनोळखी माणसाला आपण जाणूनबुजून देतो.

मोरपंखी | मंगळवार, दुपारी ४:१०

बिल होतं दोन्हीत. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. ती निघालीय अर्ज द्यायला.

ओळख_पाळख | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

चांगली चर्चा. माझा प्रश्न किमतीचा. माझ्या मित्राने जुनी कॅमेऱ्याची भिंग विकायला टाकली आणि किमतीतलं एक शून्य राहिलं. दहा मिनिटांत ऑर्डर आली, पैसेही आले. एवढ्या कमी किमतीत विकणं त्याला शक्य नाही. रद्द करता येईल का?

हिशेबनीस | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सरळ "वस्तू शिल्लक नाही" म्हणून रद्द करायची. वाद नको, कटकट नको.

शाईपेन | मंगळवार, रात्री ८:२०

हिशेबनीस, याला माझा स्पष्ट विरोध. उद्या तीच भिंग बरोबर किमतीला पुन्हा यादीत दिसणार, आणि ज्याची ऑर्डर रद्द झाली तोच माणूस ती शोधत असणार. जे सांगितलं ते खोटं होतं हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळेल. बऱ्याच विक्री-स्थळांवर "शिल्लक नाही" हे कारण विक्रेत्याच्या खात्यावर दोष म्हणून नोंदलं जातं, म्हणजे खोटं बोलून नुकसानही आपलंच.

कायद्याचं म्हणाल तर देशादेशांत नियम वेगळे, पण एक खटला बघण्यासारखा आहे. जानेवारी २००३ मध्ये सिंगापूरच्या डिजिलँडमॉल या संकेतस्थळावर लेझर प्रिंटरची किंमत ३,८५४ ऐवजी ६६ डॉलर अशी झळकली. प्रशिक्षणासाठी वापरायचा मजकूर कर्मचाऱ्याकडून चुकून खऱ्या संकेतस्थळावर चढला होता. ओळखीच्या सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. कंपनीने नकार दिला, ते कोर्टात गेले. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, कारण किंमत उघडउघड चुकलेली आहे हे घेणाऱ्यांना माहीत होतं आणि त्यांनी त्याचाच फायदा घ्यायचा प्रयत्न केला.

म्हणजे चूक ढळढळीत असेल तर विक्रेत्याला बचाव असतो. किंमत थोडीशीच कमी लागली असेल तर घेणाऱ्याला ती सवलत वाटणं अगदी साहजिक आहे. तिथे मी तरी नुकसान सोसून माल देईन. तुमच्या मित्राचं प्रकरण पहिल्या प्रकारचं दिसतंय. त्याने आजच कळवावं: किंमत टाकताना एक शून्य राहिलं, खरी किंमत ही, त्या किमतीला हवी असेल तर दोन दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतो, नको असेल तर पैसे आत्ता परत करतो. माल हातून सुटायच्या आत हे झालं पाहिजे. माल पाठवून झाल्यावर जास्तीचे पैसे मागायला तोंड उरत नाही.

कासव_चाल | मंगळवार, रात्री ९:१०

किमतीवरून आठवलं. जे लोक किमती आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर वापरतात त्यांनी प्रत्येक वस्तूला किमान किंमत ठरवून ठेवावी. डिसेंबर २०१४ मध्ये रिप्रायसरएक्स्प्रेस नावाच्या सॉफ्टवेअरच्या बिघाडाने ॲमेझॉनच्या ब्रिटनमधल्या बाजारात कितीतरी छोट्या विक्रेत्यांचा माल साधारण तासभर एक पेनीला विकला जात होता. बऱ्याच ऑर्डरी नंतर रद्द झाल्या. पण ज्यांचा माल आधीच ॲमेझॉनच्या गोदामात होता त्यांचा काही माल रवानाही झाला.

ओळख_पाळख | बुधवार, सकाळी ७:५०

शाईपेन, मित्राला तसंच लिहायला लावलं. त्या माणसाने पैसे परत घेतले, पण उत्तर सभ्य आलं. आभार.

रानवाऱ्यासंगे | बुधवार, सकाळी ९:३०

कुरियर कंपनीने मागाहून जास्तीचे पैसे लावले. पार्सलाचं वजन एक किलोच होतं, त्यांनी जवळपास पाच किलोचे पैसे कापले. हे ग्राहकाकडून घेता येतील का?

गाठोडं | बुधवार, सकाळी १०:००

नाही. एकदा ठरलेल्या रकमेवर ऑर्डर घेतली की तो हिशेब आपला.

हे आकारमानाचं वजन असणार. हवाई कुरियरमध्ये लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५,००० ने भागतात. ४० गुणिले ३० गुणिले २० म्हणजे २४,०००, भागिले ५,००० म्हणजे ४.८ किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो, तो विचारून घ्या. हलक्या मालाला मोठं खोकं वापरू नका.

जुना_टपाली | बुधवार, सकाळी ११:४५

ट्रॅकिंग क्रमांकाबद्दल थोडं लिहितो. ग्राहकाला क्रमांक कळवताना एक आकडा चुकतो, त्याला पार्सल कुठेच सापडत नाही आणि त्याला वाटतं आपण फसवले गेलो. लहानशी चूक, पण मनस्ताप फार होतो.

आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक १३ चिन्हांचा असतो. सुरुवातीला सेवेची दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. त्या नऊ आकड्यांतला शेवटचा तपासणीचा असतो. आधीच्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, तिला ११ ने भागून बाकी काढायची आणि ती बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरायचा, ११ आलं तर ५.

उदाहरणार्थ १२३४५६७८ घ्या. गुणाकार ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३, ५६. बेरीज २०४. अकराने भागल्यावर बाकी ६. अकरातून सहा गेले, उरले ५. म्हणजे पूर्ण क्रमांक १२३४५६७८५ असाच हवा. लिहिताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे झाले तर हा हिशेब जवळपास नेहमीच जुळत नाही. ग्राहक "क्रमांक चालत नाही" म्हणाला तर पावती शोधण्याआधी एवढं करून बघा, आपण चुकीचा पाठवलाय का ते दोन मिनिटांत कळेल. मोरपंखींच्या प्रकरणात मात्र याचा उपयोग नव्हता. तिथे दोन्ही क्रमांक बरोबर होते, चुकीच्या खोक्यांवर होते एवढंच.

आणि आणखी एक कळकळीची विनंती. खोक्याच्या आतही दोन्ही पत्त्यांची चिठ्ठी ठेवा. भिजून, घासून बाहेरचं लेबल निघतं तेव्हा पार्सल कुणाचं ते समजायला दुसरा मार्ग नसतो. अशी बेवारस पार्सलं उघडायला मोठ्या टपाल खात्यांनी खास केंद्रं ठेवलेली असतात. अमेरिकेचं अटलांटात आहे, ब्रिटनच्या रॉयल मेलचं बेलफास्टमध्ये. तिथला माणूस खोकं उघडतो आणि सगळ्यात आधी पत्ता शोधतो. आतली चिठ्ठी सापडली की पार्सल मार्गी लागतं.

आडवाट | बुधवार, दुपारी १२:३०

काका, चिठ्ठीचा मुद्दा पटला. पण मी वर बिलाबद्दल लिहिलं त्याच्याशी थोडा विरोध येतो ना? पार्सल चुकलं तर चिठ्ठीही चुकीच्या हातात.

जुना_टपाली | बुधवार, दुपारी १:१०

बरोबर बोललात. चिठ्ठीवर नाव-पत्ता तेवढाच लिहावा. फोन नंबर नको, काय घेतलं नको, कितीला घेतलं नको. बिल वेगळं ईमेलने पाठवता येतं. परदेशी पार्सलाला बिल जोडावंच लागलं तर ते बाहेरच्या पारदर्शक पाकिटात, लेबलच्या शेजारी. म्हणजे लेबल आणि बिल यांची नावं जुळतात की नाही हे बांधणाऱ्यालाही डोळ्यांसमोर दिसतं.

चैत्रपालवी | गुरुवार, सकाळी ८:४०

मी जुन्या काचेच्या वस्तू विकते. वस्तू विकली गेल्यावर बांधताना कधीकधी बारीक तडा दिसतो, जो फोटोत आलेला नसतो. ऑर्डर रद्द करावी की तशीच पाठवावी?

गाठोडं | गुरुवार, सकाळी ९:१५

गुपचूप तशीच कधीही पाठवू नका. काच खिडकीपाशी न्या, उजेड तिरपा पडेल असं धरा, तड्याचा जवळून फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा म्हणजे लांबी कळेल. तो फोटो पाठवून निर्णय ग्राहकावर सोडा: पैसे पूर्ण परत, किंवा ठरावीक रक्कम कमी करून वस्तू आहे तशी. कमी करायची रक्कम तुम्हीच सांगा. "तुम्हीच सांगा किती कमी करू" म्हटलं की समोरचा संकोचतो किंवा ताणतो, आणि दोन्हीत मन कलुषित होतं. उत्तर येईपर्यंत पार्सल बांधू नका. जुन्या वस्तूंचे शौकीन बऱ्याचदा तड्यासकट घेतात, त्यांना लपवाछपवीचाच काय तो राग असतो.

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी ११:००

पैसे परत करण्यावरून लिहितो, कारण इथे विक्रेतेही फसतात. परतावा नेहमी ज्या वाटेने पैसे आले त्याच वाटेने करावा. कार्डाने आले तर कार्डावरच. "माझं कार्ड बंद झालंय, दुसऱ्या खात्यात टाका" असं कुणी म्हटलं तर सावध व्हा. तुम्ही दुसरीकडे पैसे दिले आणि त्याने बँकेत कार्डाचा व्यवहार नाकारला तर दोनदा पैसे जातात. वस्तू मिळालीच नाही म्हणून तक्रार करायला मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत साधारण १२० दिवस मिळतात, म्हणून परताव्याची पावती आणि सगळे निरोप तेवढे दिवस तरी जपून ठेवा.

चुकीची वस्तू आली असं ग्राहक म्हणाला तर वस्तू आणि खोक्यावरचं लेबल दोन्ही दिसतील असा एकच फोटो मागा. गाठोडंताई म्हणतात की ग्राहकावर काम टाकू नये, पण एवढं मागणं रास्त आहे.

गाठोडं | गुरुवार, सकाळी ११:२०

हिशेबनीस, पूर्ण सहमत. एक फोटो मागणं म्हणजे काम टाकणं नव्हे. खोकं शोधा, छापील फॉर्म भरा, रांगेत उभं राहा, आधी पैसे भरा मग देतो, हे सगळं मला नको आहे.

मोरपंखी | शनिवार, दुपारी ४:५०

कळवायचं राहून गेलं होतं. परदेशी पार्सल देशाबाहेर पडायच्या आतच अडवलं गेलं, शाल काल परत हातात आली. देशातलं मात्र अडलं नाही, संच शालीच्या ग्राहकाकडे पोचला. तिला मंगळवारीच निरोप गेला होता, बिलाचा उल्लेखही होता. तिने उत्तर पाठवलं की खोकं न उघडता ठेवलंय, संध्याकाळी सातनंतर माणूस पाठवा. माणूस काल घेऊन गेला, शाल आज तिच्याकडे रवाना झाली.

परदेशी ग्राहक थोडी नाराज आहे. बाळाच्या बारशाला संच हवा होता आणि तो आता वेळेत पोचणार नाही. बहिणीने तिला पूर्ण पैसे परत देऊ केले, तिने पाठवण्याचा खर्च तेवढा परत घेतला आणि संच हवाय म्हणाली. नाराजी राहिली, ती आम्हाला मान्य आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः काकांचे. पावत्या ती फेकून देणार होती.

शाईपेन | शनिवार, संध्याकाळी ५:३०

ताईंनी नाराजी मान्य केली हे फार आवडलं. बाळाचं बारसं एकदाच होतं, तिथे कितीही पैसे परत दिले तरी भरपाई होत नाही. त्या ग्राहकाला आता अभिप्राय चांगला द्या वगैरे म्हणू नका. नवीन ट्रॅकिंग क्रमांक द्या, पार्सल हलेल तसं कळवत राहा.

रानवाऱ्यासंगे | रविवार, सकाळी १०:२०

परदेशातून ग्राहकाला वस्तू परत पाठवायची वेळ आली तर? आपलीच वस्तू परत येताना आपल्यालाच सीमाशुल्क लागतं असं ऐकलंय.

जुना_टपाली | रविवार, सकाळी ११:००

लागू शकतं, जर फॉर्म नीट भरला नसेल. टपालाच्या सीएन २२ आणि सीएन २३ फॉर्मवर पाठवण्याचं कारण विचारलेलं असतं: भेट, विक्री, नमुना, कागदपत्रं, परत आलेला माल, इतर. ग्राहकाला "परत आलेला माल" या चौकटीत खूण करायला सांगा आणि वर्णनात मूळ पाठवणीचा ट्रॅकिंग क्रमांक लिहायला सांगा. शुल्क वाचवायला बरेच जण "भेट" वर खूण करतात. ती खोटी घोषणा होते, पार्सल अडकतं. तुमच्याकडे मूळ पाठवणीची पावती, सीमाशुल्काच्या फॉर्मची प्रत आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार तयार ठेवा. माल तुमचाच होता, तोच परत आला, हे त्यावरून दाखवता येतं. बऱ्याच देशांत अशा मालाला सूट असते, पण ती मागावी लागते, आणि बहुधा ठरावीक मुदतीत.

वस्तूत लिथियम बॅटरी असेल तर परत मागवण्याआधी चौकशी करा. सुटी लिथियम बॅटरी विमानाने जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय टपालात घेतच नाहीत. यंत्रात बसवलेली काही देशांची टपाल खाती घेतात, काही घेत नाहीत. ग्राहकाच्या देशातलं टपाल खातं घेत नसेल तर वस्तू तिथेच राहू द्या आणि पैसे परत करा, त्याला या खटाटोपात ओढू नका.

रानवाऱ्यासंगे | रविवार, सकाळी ११:१५

बॅटरी आहे, यंत्रात बसवलेली. आधी त्यांच्या टपाल खात्याचे नियम बघतो, मगच ग्राहकाला लिहितो. धन्यवाद काका.